वैनी, तार तुटली होती

वैनी, तुमच्या दहाव्याला नदीवर जमलेली मंडळी मला म्हणाली, "आप्पा, वैनींबद्दल चार शब्द बोला." मी उभा राहिलो आणि मोजून चारच शब्द बोललो, "लई चांगली बाई होती." मंडळी वाट बघत राहिली. त्यांना वाटलं, आता हा सांगेल की वैनींनी एकदा दुधनेचा पूर परातीनं उपसला, नाहीतर वैनींच्या भाकरीचा वास घेत हैदराबादेतला सरकारी हत्ती वाट चुकून गावात आला. मी काहीच सांगितलं नाही. खाली बसलो. मागून कोणीतरी शेजारच्याला हळूच म्हणालं, "आप्पाची तब्येत बघा रे, खोटं बोलून न्हाई राह्यला."

तब्येत दगडासारखी आहे. मी भ्यालोय, वैनी.

गोदी आत आहे. माझी लेक, पण अंगाखांद्यावर तुम्ही वाढवलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आणि तिचे दिवस भरायच्या आत तुम्ही तापानं गेलात. पहाटे तिला कळा सुरू झाल्या. सकिनाबी सुईण आली, पोटावर हात फिरवला आणि गप्प झाली. ती बाई गप्प झाली म्हणजे काहीतरी अवघड आहे, कारण ती झोपेतसुद्धा बोलते. मग म्हणाली, "बच्चा आडवा है भाई. फिरता, फिरता. वखत लगता." आणि तुमच्या मालकांकडं, दादांकडं वळून म्हणाली, "पर तुम गाडी जोतो. जालन्यासे डॉक्टरीण लाव. जल्दी."

दादा तेव्हाच गाडी जुंपून गेले. सध्या रस्त्यांची काय दशा आहे ते तुम्हाला सांगायला नको. नाक्यानाक्यावर हैदराबाद सरकारच्या शिपायांची झडती, बंदुकीच्या दस्त्यानं गाडीतलं गवत उपसून बघतात. दिवस डोक्यावर आला. मी ओसरीवर बसलोय. बापाला आत जाता येत नाही, बाहेर बसवत नाही. हात रिकामे ठेववत नाहीत, म्हणून लेखणी धरून लिहितोय. तुम्हीच शिकवलेलं बाळबोध अक्षर. शाळेत मला उर्दूचं अलिफ-बे पढवलं, आपली अक्षरं तुम्ही चुलीतली राख जमिनीवर पसरून बोटानं गिरवून घेतलीत. वऱ्हाडातून चार यत्ता शिकून आलेली भावजय, आणि मी मिसरूड फुटलेला दीर. माझा ळ अजून उलटा निघतो. वरून बघून हसू नका.

एक गोष्ट तुमच्यामाझ्यात मिटायची राहिली. बारा-तेरा वर्षं मी तेच विचारत आलो आणि तुम्ही तेच उत्तर देत आलात. आज ती गोष्ट माझ्या छातीवर बसली आहे. मी म्हणत होतो, तार तुटली होती. तुम्ही म्हणत होतात, तुटली न्हाई.

रेवडी ओढायची कला आपल्या घरात तुम्ही आणली. त्याआधी संक्रांतीला आम्ही बाजारातली रेवडी खायचो, ती दाताला चिकटली की दात घेऊनच निघायची. तुम्ही आल्याच्या पहिल्या संक्रांतीला कढईत गूळ चढवलात. थेंब गार पाण्यात टाकला, गोळा झाला तो फरशीवर आपटला. "टण् वाजला पायजे भावजी. भद्द वाजला तर कच्चा." टण् वाजला. मग तेल लावलेल्या परातीत पाक ओतला, कडा आत दुमडल्या, आणि सोसेल-न सोसेल इतका गरम असतानाच तो गोळा उचलून माझ्या हातात एक टोक दिलंत. "धरा. आता मागं मागं जा. थांबू नका, थांबले की गूळ मरतो." मी मागं गेलो. तार लांबली. दोघांनी जवळ येऊन दुमडली, पुन्हा लांब गेलो. बघता बघता काळा गूळ तांबूस झाला, तांबूस होता होता सोन्यासारखा, मग रेशमासारखा पांढरा. मी जन्मात पहिल्यांदा गप्प उभा होतो.

पारावर जाऊन मी सांगितलं, की आमच्या घरची तार एवढी लांबली की मी मागं मागं जात बदनापूरच्या टेसनावर पोचलो, आणि तिथं इंजिनवाल्यानं एक घास तोडून खाल्ला आणि खुशीत दोनदा शिटी मारली. कोणीतरी हे घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही डाळ निवडता निवडता मान वर न करता म्हणालात, "आन् तिकीट कोणी काढलं भावजी?"

तेव्हापासून माझी गोष्ट गावात ऐकायची आणि तिचं शेपूट तुमच्याकडून ऐकायला यायचं, अशी माणसांना सवयच लागली.

पण ती नवसाची रेवडी वेगळी होती.

गोदीच्या आधीची माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. गोदीची माय तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. गोदी झाली तेव्हा ती लेकराकडं बघायलासुद्धा तयार नव्हती, म्हणायची, "जाणारच हाय, जीव कशाला लावू?" तुम्ही गोदीला उचललंत, कडेवर घेतलंत आणि सटवाईला नवस बोललात. लेक स्वतःच्या पायानं पळायला लागली, स्वतःच्या तोंडानं जेवायला मागायला लागली, की तिच्या डोईवर रेवडीची तार ओढीन आणि गावात वाटीन.

तुमच्या माहेरची चाल होती ती, आमच्याकडं कोणाला ठाऊक नव्हती. नवसाची तार खुंटीला टांगायची नाही. खुंटी मेलेलं लाकूड. दोन जित्या माणसांच्या हातातच ओढायची, एक टोक लेकराच्या बापाकडं, दुसरं घरातल्या थोरल्या बाईकडं. लेकरू मधोमध पाटावर. घरात चौथं माणूस नको. आणि गूळ पांढरा होईस्तोवर तार तुटता कामा नये. "तुटली तर?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुटत नसती."

मला आजही ती सकाळ जशीच्या तशी दिसते. बाकी सगळ्यांना अंगणात काढलं होतं. दार लोटून घेतलं. गोदी पाटावर बसली, नवा झगा, डोक्याला तेल, हातात खेळायला एक चमचा. म्हणाली, "काकू, मला कवा खायला देनार?" तुम्ही म्हणालात, "हलू नको गं माझी बाई, वर बघ, कसं सोनं चाललंय." आपण ओढू लागलो. एकदा, दोनदा, गूळ तांबूस झाला. हात भाजत होते, पण मी बढाई मारत होतो की मला गार वाटून राह्यलंय. गोदी वर बघून खिदळत होती. तार तिच्या डोक्यावरून जाताना तिच्या केसांना ऊब लागायची आणि ती मान खांद्यात घ्यायची.

आणि शेळीनं दार ढकललं.

साधी आपली शेळी. तिला वाटलं आत काहीतरी खायला चाललंय. दार उघडलं आणि पौषातलं वारं सरळ आत घुसलं. तार मधोमध गार पडली. मला हातात कळलं, वैनी, आधी हातात कळलं मग डोळ्यांना. एक बारीक आवाज झाला, काच तडकल्यासारखा. माझ्या हातातलं टोक हलकं झालं. तुमच्या बाजूचा जो मोठा लोळ होता, अजून आतून उकळता, तो झोका खाऊन खाली आला, सरळ गोदीच्या तोंडावर.

तुम्ही हात मधे घातलात.

मी पापणी मिटून उघडली तेवढ्यात तो लोळ तुमच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सापासारखा वेटोळून बसला होता. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या हातानं तो सोलून काढलात, कातडीसकट, आणि माझ्याकडं बघून दात आवळून म्हणालात, "तुमचं टोक आना. जल्दी. गरम हाय तवर." दोन्ही टोकं एकमेकांवर दाबलीत, पिळलीत. "आता ओढा." मी ओढलं. मला रडू येत होतं. तुम्ही त्याच हातानं ओढत राहिलात, गूळ पांढरा होईस्तोवर. मग दार उघडून बाहेरच्या बायकांना म्हणालात, "या गं. पांढरीशुभ्र झाली. तीळ आना."

गोदीच्या मायनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं. तुम्ही पदरानं हात झाकला होता. नंतर कोणी विचारलं तर म्हणालात, चुलीचा चटका बसला.

मला राहवलं नाही. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांनी बघितलेला माणूस गप्प कसा राहील, आणि तोसुद्धा मी? संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं. सगळं खरं सांगितलं, तिखटमीठ चिमूटभर नाही. आणि वैनी, लोक पोट धरधरून हसले. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी दुधनेतल्या माशाच्या पोटात बैलाची घुंगरमाळ सापडल्याचं सांगितलं होतं ना. "तार तुटली? मंग त्यातून कोन निघालं आप्पा, नाग का मगर?" मी शपथ घेतली. शपथ ऐकून आणखी हसले. दुसऱ्या दिवशी दादांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुटली होती का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. गोदीच्या मायकडं बघितलंत, ती दाराला धरून उभी होती, तोंड पांढरं फटक. मग म्हणालात, "तुटली न्हाई. भावजींना सपन पडलं आसंल."

आयुष्यात एकदाच खरं बोललो आणि त्याच दिवशी गावात सगळ्यात मोठा लबाड ठरलो.

रागावलो मी तुमच्यावर. बोललो नाही कितीतरी दिवस, म्हणजे संध्याकाळपर्यंत. पण राग हा वरचा थर होता. खाली भीती होती, ती त्या दिवशी आत शिरली आणि तिथंच घर करून राहिली. गोदी शिंकली की मला काच तडकल्याचा आवाज यायचा. तिला देवी आल्या तेव्हा मी रानात जाऊन एकटा बसलो आणि परत आल्यावर सांगितलं की बिबट्याशी कुस्ती करत होतो. ती विहिरीवर गेली की मी मागून जायचो आणि म्हणायचो, विहिरीतले मासे मोजायला आलोय. लोक म्हणायचे, आप्पाच्या थापा वाढून राह्यल्या. वाढणारच. जेवढी भीती मोठी, तेवढं पांघरूण मोठं लागतं.

दर संक्रांतीला रेवडी ओढताना मी तुम्हाला विचारायचो. दोघंच असायचो, कोणी ऐकत नसायचं. "वैनी, आता तरी कबूल करा. तुटली होती ना?" तुम्ही म्हणायच्या, "ओढा." मी म्हणायचो, "जोडलेली तार सटवाईला चालती का?" तुम्ही म्हणायच्या, "भावजी, गूळ मरून राह्यला, ओढा." तुमच्या हातावरचा तो पांढरा वळ माझ्या डोळ्यांसमोर मागंपुढं व्हायचा, आणि तुम्ही माझ्याच तोंडावर म्हणायच्या, तुटली न्हाई.

तुम्हाला वाटत होतं का, की नाही म्हणत राहिलं की ती न तुटलेली होते? का तुम्हीसुद्धा भ्यालेल्या होत्या? हे विचारायचं राहून गेलं. तुमचा ताप चढला तेव्हा मी उशाशी बसलो होतो. विचारावंसं वाटलं. मग वाटलं, जाणाऱ्या माणसाला कुठं हे. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "गोदीकडं बघा." एवढंच. बघा म्हणजे काय करू, ते सांगितलं नाहीत.

आज सकाळी, कळा अजून लांब लांब येत होत्या तेव्हा, गोदीनं मला दाराशी बोलावलं. सकिनाबी चुलीवर पाणी ठेवायला गेली होती, गोदीची माय देवापुढं दिवा लावत होती. गोदीचा चेहरा घामानं भिजलेला. म्हणाली, "आप्पा, एक खरं सांगा."

"मी कवा खोटं सांगितलं गं?"

ती हसली नाही. "माझ्या डोईवर ओढली ती तार तुटली होती का? लहानपणापासून ऐकून राह्यले, समदं गाव हसतंय, मीबी हसले. आज हसू येऊन न्हाई राह्यलं."

बारा-तेरा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो, वैनी. कोणीतरी एकदा खरं मानून विचारावं. सगळी गोष्ट जिभेवर होती, शेळीपासून वाऱ्यापर्यंत. आणि मी लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "तुटली न्हाई."

तिनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"आप्पा, तुमी कवा दोन शब्दात गोष्ट संपवली हो? शेळी विकली तर तुमाला आर्धा दिवस लागतो सांगायला." तिनं माझं मनगट धरलं. "तुटली होती."

मी मान खाली घातली.

"काकूच्या हाताला आजारात मी तेल लावत होते," ती म्हणाली. "चुलीचा चटका आसा गोल गोल फिरून कोपरापर्यंत न्हाई जात. मी इचारलं. तर म्हनली, तुझ्या आप्पाला इचार, त्यांना समदं ठाऊक हाय. म्हनलं, आप्पा तर थापा मारतेत. काकू म्हनली, येक सोडून."

वैनी! एक सोडून! मला सांगायचं होतं ना हे. मला एकदा सांगायचं होतं. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. लेकीला कळा येतायत आणि बाप उंबऱ्यावर बसून रडतोय, अशी तऱ्हा. मग मी तिला सगळं सांगितलं. शेळी, वारं, तो आवाज, तुमचा हात. माझ्या आयुष्यात इतकी बिनमसाल्याची गोष्ट मी सांगितली नसेल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी तुटली. पन माझ्यावर पडली न्हाई."

"न्हाई पडली."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि पुढची कळ आली, आणि तिनं माझं मनगट असं आवळलं की अजून तिथं बोटं उमटलेली आहेत. सकिनाबीनं मला बाहेर काढलं.

लेकीला ठीक वाटलं. मला वाटलं नाही. ती बरोबर बोलली, तिच्यावर पडली नाही. पण ती का पडली नाही ते मला ठाऊक आहे. मधे हात होता म्हणून. तो हात गेल्या पंधरवड्यात दुधनेच्या काठी आम्ही जाळला. आता काही तुटलं, तर मधे कोण आहे? माझे हात लांब आहेत, पण ते नुसते हवेत फिरवायला. मी तुमच्यासारखा पटकन हात घालणारा माणूस नाही. मी तोंड घालणारा माणूस आहे. आतून तिचा आवाज येतो तेव्हा मी इथं बसून लिहितो. गाव म्हणतं, आप्पानं बिबट्या लोळवला. वैनी, मला मांजरसुद्धा लोळवता येत नाही, तुम्हाला ठाऊकच होतं.

गोदीची माय आता बाहेर येऊन गेली. तिला अजूनही काही माहीत नाही, आणि मी सांगणार नाही, तुमची ती गोष्ट तुमच्यापाशीच राहू दे. तिनं विचारलं, "गाडी आली का?" मी नदीकडं बघितलं. उतारावर धूळ नाही, घुंगरांचा आवाज नाही. तिला म्हणालो, येईल. ती ओठ चावत आत गेली.

मग सकिनाबी दारात आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिचा आवाज खाली गेला होता. "भाई, छोकरी डरती. डरको पूरा अंग आकडको पडी. ढीली हुई तो बच्चा फिरता. बोलती, आप्पाकू बोलो, दरवाजेकने बैठको बाताँ करो."

"क्या बोलू?"

"कुछ भी बोलो. तुमकू कोई सिखाना?"

तर वैनी, आता मी लेखणी खाली ठेवतो. आज गावात पहिल्यांदा कोणीतरी माझं तोंड कामाचं आहे म्हणून मला बोलावलंय. दाराशी जाऊन बसतो. काय सांगायचं ते ठरवलंय. सांगेन, गोदे, उतारावर धूळ दिसली गं. सांगेन, दादांची गाडी नदीत उतरली, बैलांच्या गुडघ्याला पाणी लागलंय, पुढं दादा बसलेत आणि मागं पांढऱ्या लुगड्यातली डॉक्टरीण, एका हातानं पेटी धरलीय आणि दुसऱ्या हातानं गाडीची दांडी, आणि दादांना रागावून राह्यली की हळू हाका. बैलांचे रंग सांगेन, पेटीला कुलूप कसलं आहे ते सांगेन. तिला चाकांचा आवाज ऐकू येईपर्यंत सांगत राहीन. अंग सैल पडेपर्यंत.

मी आत्ताच उठून पुन्हा एकदा बघितलं. गाडी अजून दिसत नाही, वैनी.